केरी ते काणकोण: सह्याद्रीच्या पायथ्याने सायकलप्रवास

म्हादईकाठ

आम्ही परतल्यापासून भेटेल त्याने पहिला प्रश्न विचारला तो रोज किती किलोमीटर झाले हा, आणि पाच दिवसांच्या अनुभवानंतर माझे ठाम मत झाले आहे की गोव्याच्या पूर्व भागात सायकलने फिरणाऱ्याने हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर लांब आहे, त्यामुळे नकाशावर बोट फिरवले की दोन दिवसांचे काम वाटते. प्रत्यक्षात सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे आणि काणकोण या तालुक्यांत सह्याद्रीच्या सोंडा पश्चिमेकडे उतरत येतात आणि रस्ता एकेका सोंडेवर चढून पलीकडच्या ओहोळापाशी उतरतो. शेवटच्या दिवसाचा करमल सोडला तर नाव घेण्यासारखा एकही घाट लागत नाही, तरी संध्याकाळपर्यंत पाच-सहाशे मीटरांची चढाई पायांत साठलेली असते.

आमचा मार्ग असा होता. पहिल्या दिवशी पणजीहून साखळीमार्गे केरी. दुसऱ्या दिवशी केरी-मोर्ले भागातून वाळपई आणि तेथून खोतोडे, गुळेली करीत उसगाव. तिसऱ्या दिवशी धारबांदोडा, साकोर्डे बाजूने तांबडी सुर्ला आणि मुक्कामाला मोलें. चौथ्या दिवशी कुळे, काले, सावर्डे, सांगे आणि नेत्रावळी. पाचव्या दिवशी रिवण, केपे, बाळ्ळी आणि करमल घाट ओलांडून काणकोण. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता, आम्ही तिघे होतो आणि प्रत्येकाजवळ साधारण दहा किलो सामान होते.

दिवसाचा अंदाज बांधण्यासाठी आम्ही एक साधा हिशेब वापरला, तो येथे मुद्दाम देतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो वजन धरले, तर ते १०० मीटर उंच नेण्यास सुमारे ९३ किलोज्यूल ऊर्जा लागते. नियमित सायकल चालवणारा, पण स्पर्धेत न उतरणारा माणूस तासन्‌तास टिकेल अशी १०० वॉटची ताकद लावू शकतो असे मानले, तर शंभर मीटर चढाईला सव्वापंधरा ते साडेपंधरा मिनिटे लागतात. सपाटीला ताशी १५ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला चार मिनिटे. तेव्हा ६० किलोमीटर आणि ६०० मीटर चढाई असलेल्या दिवसाला सपाटीचे चार तास आणि चढाचे दीड तास, असे साडेपाच तास केवळ पायडल मारण्याचे होतात. यात थोडी दुहेरी मोजणी होते हे मला ठाऊक आहे, परंतु ती चहापाण्यात खपून जाते आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठता येतो. पहिल्या दिवशी आम्ही हा हिशेब केला नव्हता, आणि केरीला पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.

या प्रवासात मनात सर्वांत खोल उतरलेली जागा तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर. कदंबकालीन, बाराव्या-तेराव्या शतकातले हे देवालय काळ्या बेसाल्टचे आहे. गोव्यात आपण पाहतो तो दगड जांभा, घरे जांभ्याची आणि गडगेही जांभ्याचे, म्हणून हा काळा पाषाण घाटापलीकडून आणला असावा असे मानले जाते. गाडीतून उतरून हे वाक्य फलकावर वाचले असते तर मी पुढे गेलो असतो. दहा किलो सामान दोन पिशव्यांतून घेऊन शेवटचे चढ चढून आल्यावर मात्र त्या खांबांवर हात ठेवताना वजन या शब्दाचा अर्थ वेगळा वाटला. आम्ही सकाळी लवकर पोहोचलो होतो. मागे अनमोडच्या बाजूचा डोंगर धुक्यात होता, खाली ओढ्याचे पाणी वाहत होते आणि तासभर आमच्याखेरीज तेथे कोणीही आले नाही. अशा वेळी पोहोचता यावे यासाठी आदल्या मुक्कामाची जागा नीट निवडावी, एवढेच मी सुचवीन.

आता एक अडचण. कुळ्याच्या अलीकडे माझ्या मागच्या चाकाचा एक आरा तुटला, आणि सावर्ड्यापर्यंत दुसरा. निघण्यापूर्वी शहरातल्या एका दुकानात चाक नव्याने बांधून घेतले होते, पण आऱ्यांचा ताण सारखा केलेला नव्हता हे नंतर कळले. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे आरे नेहमी जास्त ताणलेले असतात आणि सामानाचे वजनही त्याच चाकावर येते, म्हणून तुटतात ते बहुधा तेथेच. ते बदलण्यासाठी गिअरचे चक्र काढावे लागते आणि त्याचे अवजार आमच्याजवळ नव्हते. शेजारच्या आऱ्यांना थोडा ताण देऊन, ब्रेक सैल करून, सांग्यापर्यंत हळूहळू आलो. तेथे जुन्या पद्धतीने सायकली दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी तासाभरात दोन्ही आरे बसवून चाक सरळ करून दिले. आपल्या मापाचे चार आरे फ्रेमला चिकटपट्टीने बांधून नेणे आणि चक्र काढण्याचे अवजार जवळ ठेवणे, या दोन गोष्टी मी यापुढे विसरणार नाही.

ज्यांनी या भागात सायकल चालवली आहे त्यांनी आपले अनुभव लिहावेत. केरीहून बेळगावकडे चढणाऱ्या चोर्ला घाटाविषयी विशेष वाचायला आवडेल, कारण आम्ही तो मुद्दाम टाळला.

चढाचा_वाटसरू

लेख मनापासून आवडला, परंतु केरीपर्यंत जाऊन चोर्ला टाळणे मला पटले नाही. केरीहून चोर्ल्यापर्यंत रस्ता सातशे मीटरांहून अधिक चढतो आणि सुमारे ८०० मीटर उंचीवर पोहोचतो. तुमच्याच हिशेबाने हे दोन तासांचे काम आहे. वर हवा बदलते, झाडे बदलतात आणि म्हादईच्या खोऱ्याकडे पाहिले की आपण दिवसभर खाली कोठून कोठे फिरत होतो ते एका नजरेत उलगडते. मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेरीत, भाग घेतो, जिथे साडेतेरा तासांत अंतर पुरे करावे लागते, आणि तयारीसाठी या घाटाइतकी चांगली जागा मला आसपास मिळाली नाही.

म्हादईकाठ

आपले म्हणणे मी नाकारीत नाही. सामान नसलेल्या सायकलवर, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, उजाडताच चढायला लागले तर चोर्ला सुंदरच आहे. आमचा प्रश्न उतरण्याचा होता. बेळगावची वाहतूक या रस्त्याने असते, वळणे आंधळी आहेत आणि दहा किलो सामान मागच्या चाकावर असताना सायकल वळणात शिरली की तिचा कल बदलायला वेळ लागतो. शिवाय तो चढून त्याच रस्त्याने परत यायचे असल्यामुळे प्रवासाचा एक दिवस एकाच डोंगरावर जातो. पायथ्याने दक्षिणेकडे जाताना प्रत्येक चढापलीकडे नवे गाव येते, आणि आम्ही निघालो होतो ते गावांसाठी. केरीला सामान ठेवून रिकाम्या सायकलने वर जाण्याचा पर्याय मात्र मी पुढच्या वेळी नक्की स्वीकारीन.

काजूबाग

मी सत्तरीचा आहे, त्यामुळे एक गोष्ट आधी सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या बागांतून फिरणाऱ्यांनी माकडतापाची माहिती करून घ्यावी. हा आजार १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला आणि २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात त्याचे रुग्ण आढळले. जंगलातल्या गोचिडींमुळे तो पसरतो. पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत त्यांचा काळ असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत काजू वेचायला लोक बागेत जातात. सायकलस्वाराने डांबरी रस्ता सोडून पाचोळ्यावर बसू नये किंवा आडवे होऊ नये, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्रात कळवावे, मुक्कामी पोहोचताच कपडे बदलून गरम पाण्याने अंघोळ करावी आणि पायांचे सांधे, गुडघ्यांच्या मागची जागा व कंबर तपासावी. घरी परतल्यावर अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना आपण सत्तरीत होतो हे आवर्जून सांगावे. घाबरण्याचे कारण नाही, आम्ही येथे राहतोच. पण दुपारी झाडाखाली पथारी टाकण्याची शहरी माणसांची हौस मी अनेकदा पाहिली आहे, म्हणून लिहिले.

दुसरे, पहाटेच्या अंधारात निघू नका. गवे रस्त्यावर येतात. गवा हा आपला राज्यप्राणी आहे आणि शांत असतो, तरी कळपात पाडस असेल तर मादी माघार घेत नाही. गवे दिसले तर सायकलवरून उतरावे, घंटी वाजवू नये, आणि ते स्वतःहून बाजूला होईपर्यंत थांबावे. अशा वेळी दहा मिनिटे गेली तर ती गेली असे समजावे.

निळी_सायकल

मी फोंड्याला राहते आणि माझी सायकल साधी आहे, गिअर नसलेली. कवळे, मंगेशी, फर्मागुढी असे फिरते, पण एवढ्या लांब कधी गेले नाही. दोन प्रश्न विचारते. गिअरशिवाय हा मार्ग होईल का? आणि दोघी बायकाच निघालो तर मुक्काम, स्वच्छतागृह या गोष्टींचे काय?

म्हादईकाठ

गिअरविषयी अगदी आकड्यांत सांगतो. आपल्याकडच्या साध्या सायकलला पुढे बहुधा ४४ दात आणि मागे १८ दात असतात, म्हणजे पायडलचा एक फेरा पुरा झाला की सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. चढावर ताशी साडेसात किलोमीटर वेगाने जायचे तर मिनिटाला केवळ तेवीस फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर येणारा दाब फार मोठा असतो. पुढे ३४ आणि मागे ३४ दात असलेल्या सायकलवर तोच वेग साठ फेऱ्यांत मिळतो. श्रम तेवढेच होतात, पण ते हृदयावर आणि श्वासावर वाटले जातात आणि गुडघे वाचतात. आपले पोदेर पाव भरलेली टोपली मागे बांधून साध्या सायकलवरच गावभर फिरतात हे खरे, पण त्यांना आपल्या वाटेवरचा एकेक चढ पाठ असतो आणि कोठे उतरून ढकलायचे हेही ठरलेले असते. तुम्हीही तसेच करू शकता. चढावर उतरून चालत जाणे यात कमीपणा मुळीच नाही; त्या हिशेबाने रोजचे अंतर चाळीस किलोमीटरांवर आणा आणि पाचाऐवजी सात दिवस ठेवा.

मुक्कामाविषयी तुमच्यासारख्याच कोणी उत्तर दिले तर अधिक बरे.

रानवाट

ते मी देते. मी आणि माझी मावसबहीण दोन वर्षांपूर्वी मोलें ते नेत्रावळी असे तीन दिवस फिरलो. ठरवून न जाता वाटेत जागा शोधू, हा विचार आम्ही सुरुवातीलाच सोडला. मुक्कामाच्या घरी दोन दिवस आधी दूरध्वनी केला, आम्ही सायकलने येत आहोत आणि दोघीच आहोत हे स्पष्ट सांगितले, आणि कोणत्या वेळेपर्यंत पोहोचू तेही कळवले. त्याचा उपयोग असा झाला की नेत्रावळीला पोहोचायला उशीर झाला तेव्हा घरच्या वहिनी स्वतः कोपऱ्यापर्यंत येऊन उभ्या होत्या. रात्री त्यांनी पेज, सुंगटांची किसमूर आणि सोलकढी वाढली आणि सकाळी निघताना भाकऱ्या बांधून दिल्या.

स्वच्छतागृहांसाठी तालुक्याच्या गावांतली कदंब परिवहनची बसस्थानके आणि मोठ्या देवळांची आवारे हिशेबात धरा. वाळपई, सावर्डे आणि सांगे यांच्यामधल्या पट्ट्यात विचारूनच जावे लागते. आम्ही दुकानांत न विचारता घरांत विचारले, जेथे अंगणात बाई दिसेल तेथे, आणि एकदाही नकार मिळाला नाही. उलट प्रत्येक घरी पहिला प्रश्न "उदक जाय गो?", म्हणजे पाणी हवे का, हाच होता. पाण्याच्या दोन बाटल्या पुरतात त्या यामुळेच. डिसेंबरातसुद्धा दुपारी अकरानंतर हवा इतकी दमट होते की घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, म्हणून आम्ही बारा ते तीन सायकल चालवलीच नाही. त्या वेळात नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी पाहिली. गोपिनाथाच्या देवळाशेजारी पायऱ्यांवर बसून तळातून वर येणारे बुडबुडे पाहण्यात दोन तास कसे गेले ते कळले नाही.

सांगेकर

सांगे-रिवण या भागात दोन फाटे घ्यावेत असे मी प्रत्येक सायकलस्वाराला सांगतो. पहिला साळावली धरण. तेथील बदकाच्या चोचीच्या आकाराचा सांडवा सगळे पाहतात, पण जवळच कुर्डी गावातून हलवलेले जुने महादेवाचे दगडी देऊळ आहे, तिकडे फार थोडे जण वळतात. कुर्डी हे मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. धरणात ते गेले, पण मे महिन्यात पाणी उतरले की जोती, विहिरी आणि सोमेश्वराचे देऊळ वर येते, आणि जुने रहिवासी उत्सवाला एकत्र जमतात. आमचे आजोळ तेथलेच. आईला घेऊन मी दरवर्षी जातो आणि कोरड्या चिखलातून चालताना ती अजूनही कोणाचे घर कोठे होते ते बोट दाखवून सांगते. सायकलने जायचे असेल तर मे महिन्यात सांग्याला मुक्काम करून सकाळी सहा ते नऊ एवढ्याच वेळात जाऊन यावे. भेगाळलेल्या चिखलावर बारीक टायर अडकतात, म्हणून शेवटचा तुकडा चालत जावा.

दुसरा फाटा रिवणच्या पुढे पणसायमळचा, जिथे कुशावतीच्या काठी जांभ्याच्या कातळावर प्रागैतिहासिक कोरीव चित्रे आहेत. बैल आहेत, नाचणारी माणसे आहेत आणि एक मोठे चक्रव्यूह आहे. दुपारी उन्हात काहीच दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा प्रकाश पडला की रेषा उमटतात, तेव्हा वेळ त्याप्रमाणे बेतावी. कातळावर सायकल नेऊ नये आणि रेषांवर पाय ठेवू नये.

चढाचा_वाटसरू

शेवटच्या दिवसाच्या करमल घाटाविषयी मूळ लेखात एकच ओळ आहे. बाळ्ळीहून काणकोणला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ६६ चा भाग अरुंद आणि सलग वळणांचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण मार्गातला सर्वांत धोक्याचा तुकडा तोच आहे. बेतूलहून खोल, काब द राम आणि आगोंद असा किनाऱ्याजवळच्या डोंगरांचा रस्ता आपण का घेतला नाही?

म्हादईकाठ

तो रस्ता आम्ही घ्यायला हवा होता, हे मान्य करतो. आऱ्यांच्या प्रकरणात चौथ्या दिवशी अर्धा दिवस गेला आणि पाचव्या दिवशी जवळचा रस्ता निवडला गेला. करमलमध्ये मागून बस आली की कडेला उतरायला जागा नसते; आम्ही एकामागे एक, पन्नास मीटर अंतर ठेवून गेलो आणि दिवसाढवळ्याही मागचे तांबडे दिवे चालू ठेवले. उतारावर एक काळजी घेतली ती सांगतो. ज्यांचे ब्रेक चाकाच्या कडेला घासतात त्यांनी ते सतत दाबून धरू नयेत, कारण कडा तापून आतली ट्यूब फुटू शकते. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक एकाच वेळी घट्ट दाबून वेग उतरवावा, मग सोडून द्यावेत म्हणजे कडेला वारा लागतो. आमच्यातल्या एकाने डाव्या-उजव्या ब्रेकवर आळीपाळीने भार दिला, तेही चालले.

खोलचा रस्ता चढउतारांचा आहे आणि अंतरही वाढते, परंतु वाहने कमी आणि डोंगरउतारावर पावसाळ्यात जेथे खोलची मिरची पिकते ती गावे वाटेत लागतात. नेत्रावळीहून एका दिवसात तो होणार नाही. केप्यात किंवा बेतूलला एक मुक्काम वाढवावा.

निळी_सायकल

सगळ्यांचे आभार. आम्ही दोघींनी ठरवले आहे ते असे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात फोंड्याहून निघून पहिला मुक्काम मोलें, दुसरा सांगे आणि तिसरा नेत्रावळी, आणि त्याच क्रमाने परत. काणकोण या वेळी नाही. माझ्या सायकलचे मागचे चक्र १८ ऐवजी २२ दातांचे बसवून देता येईल असे आमच्या नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्यांनी सांगितले आहे. रानवाटताई, नेत्रावळीच्या त्या वहिनींना आम्ही येत असल्याचे तुम्ही कळवाल का? त्यांची हरकत नसेल तर क्रमांक मला व्यक्तिगत निरोपातून द्यावा.

रानवाट

आजच बोलले. त्या म्हणाल्या की अवश्य यावे, मात्र चतुर्थीला आणि एकादशीला घरात मासळी नसते तेवढे लक्षात ठेवावे, आणि चार वाजण्याच्या आत पोहोचावे म्हणजे उजेडात तळीवर जाता येईल.